अंत नसलेली शिक्षा आणि सर्वांचे तारण : कृष्णाकाठच्या वाचकांसाठी प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ख्रिस्ती वस्ती थोडी आहे. तरी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे नाव न ऐकलेले घर कृष्णाकाठी सहसा सापडायचे नाही. शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा, दुष्काळातली मदत, ही ख्रिस्ती मंडळींची कामे मराठी वाचकाला परिचयाची आहेत आणि त्यांबद्दल त्याच्या मनात आदरही आहे. ही कामे करणाऱ्या माणसांच्या मनात काय चालले होते, कोणत्या प्रश्नांनी त्यांची झोप उडवली, देवाविषयी त्यांचे आपापसात कुठे जुळत नव्हते, हे मात्र फारसे कुणी सांगितलेले नाही. त्यांपैकी एका प्रश्नाची ही ओळख आहे. तो प्रश्न वाचकांनी जवळून पाहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तो जितका ख्रिस्ती आहे तितकाच आपल्या मातीतला आहे.

प्रश्न असा. देव प्रेमस्वरूप आहे असे ख्रिस्ती धर्म सांगतो. मग त्याने निर्माण केलेल्या काही माणसांच्या वाट्याला कधीच न संपणारी शिक्षा कशी येईल? आणि तशी शिक्षा नसेल, शेवटी सगळेच तरणार असतील, तर पाप, पश्चात्ताप आणि न्याय यांना वजन काय उरले? या दोन बाजूंमध्ये ख्रिस्ती विचार जवळजवळ अठराशे वर्षे ओढला जातो आहे. बहुसंख्य मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, शिकवण अशी की देवाला अखेरपर्यंत नाकारणाऱ्याची शिक्षा शाश्वत आहे. दुसरे मत म्हणते की देवाचे प्रेम शेवटी कुणालाच हातचे सोडणार नाही, शिक्षा असलीच तर ती शुद्ध करणारी आणि म्हणून संपणारी. तिसरे मत या दोन्हींहून वेगळे : दुष्टांना अनंत यातना नाहीत आणि तारणही नाही, त्यांचे अस्तित्वच संपते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या तिसऱ्या मताला एडवर्ड व्हाइट यांच्यासारखे समर्थ लेखक मिळाले, आणि विसाव्या शतकात जॉन स्टॉट यांच्यासारख्या सनातनी वळणाच्या धर्मोपदेशकानेही त्याकडे आपला कल असल्याचे मोकळेपणाने सांगितले.

तुम्ही ख्रिस्ती नसाल, तर वाटेल की या घरगुती वादात आपण कशाला पडायचे. पण वाद परलोकाचा दिसला तरी त्याच्या मुळाशी एक अगदी इहलोकीचे दुःख आहे. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे आणि ज्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी आहे, त्यांचे काय होणार? आईचे, आजोबांचे, बालपणीच्या सोबत्याचे? एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात दोन धर्म नांदू लागले की हा प्रश्न उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात नेमके हेच घडत होते.

आधी मूळ ग्रंथाकडे वळू. बायबलच्या नव्या कराराची पाने उलटली की दोन्ही बाजूंना आधार मिळतो, हे वाचकांनी सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी मेंढरे आणि शेरडे वेगळी केली जातात, आणि शेवटी एका गटाला सार्वकालिक जीवन, तर दुसऱ्याला सार्वकालिक शिक्षा मिळते. लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्यामध्ये ओलांडता न येणारी दरी आहे. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात अग्नीचे सरोवर आहे. दुसरीकडे प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आदामात सगळे मरतात तसे ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील असे म्हणतो आणि देव सर्वांत सर्व काही होईल इथवर जातो. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय आणि कलस्सैकरांस पत्राचा पहिला अध्यायही याच दिशेने बोलतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर ख्रिस्ताने बंदीत असलेल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा गूढ उल्लेख आहे, आणि मृत्यूनंतरही देवाचे दार उघडे असेल काय, ही चर्चा पुष्कळदा तिथूनच सुरू होते. मत्तयातल्या त्या विशेषणाचा मूळ ग्रीकमध्ये नेमका आवाका किती, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. नवख्या वाचकाने त्या अरण्यात लगेच शिरू नये. दोन्ही बाजूंचे उतारे एका बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एवढे केले तरी वाद का मिटत नाही ते स्वतःलाच समजते.

आरंभीच्या मंडळीत सर्वांच्या तारणाची आशा बोलून दाखवणाऱ्यांत अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला विद्वान अग्रणी. सृष्टी देवापासून निघाली आणि शेवटी देवाकडेच परत येईल, असा त्याचा विश्वास होता. चौथ्या शतकातला नीसाचा ग्रेगरी त्याच वाटेने चालला, आणि मंडळीने त्याला तर संत मानले. उलट बाजूला ऑगस्टीन उभा आहे. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात त्याने शाश्वत शिक्षेची बाजू अशा ताकदीने मांडली की पाश्चात्त्य ख्रिस्ती जगावर तिची छाया हजार वर्षे पडून राहिली. त्याचा एक युक्तिवाद आजही अडून बसतो : मत्तयात जीवन आणि शिक्षा या दोन्हींना एकच विशेषण आहे, मग एक अनंत आणि दुसरी संपणारी हे कसे? पुढे ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास ओरिजेनच्या नावावर चालणारी मते धिक्कारली गेली. तरीही आशा पूर्णपणे विझली नाही. सातव्या शतकात सिरियाक भाषेत लिहिणारा निनवेचा इसहाक हा विरक्त साधू नरकालाही देवाच्या प्रेमाबाहेर ठेवायला तयार नव्हता.

युरोपातली पुढची वळणे इथे भराभर ओलांडू. धर्मसुधारणेच्या काळात लूथरपंथीयांनी १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात सैतान आणि दुष्टांची शिक्षा कधीतरी संपेल, हे मत नाकारले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये हा प्रश्न पुन्हा पेटला. १८५३ मध्ये फ्रेडरिक डेनिसन मॉरिस यांना याच विषयावरच्या लेखनापायी लंडनच्या किंग्ज कॉलेजातली प्राध्यापकी गमवावी लागली. १८७७ मध्ये फ्रेडरिक विल्यम फरार यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत या विषयावर प्रवचने दिली, आणि ‘शाश्वत आशा’ अशा अर्थाच्या नावाने ती छापली जाताच सगळ्या इंग्लंडभर खळबळ उडाली. ऑक्सफर्डचे वृद्ध पंडित प्यूसी यांनी १८८० मध्ये सविस्तर ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले. हे फरार १८३१ साली आपल्या मुंबईत, एका मिशनऱ्याच्या घरी जन्मले होते.

आता आपल्या माणसांकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयाचा खरा जीव इथे आहे.

सगळ्यांत आधी निळकंठशास्त्री गोरे. घराणे कोकणस्थ ब्राह्मणांचे, जन्म १८२५ मध्ये झाशीजवळ, विद्या काशीत झाली. त्या काळी जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ संस्कृतात लिहून हिंदू शास्त्र्यांना वादाचे आवाहन केले होते. त्याला संस्कृतातूनच तीन पंडितांनी उत्तरे दिली. त्यांतले एक मराठी ज्योतिषी सुबाजी बापू, आणि दुसरे हे तरुण निळकंठशास्त्री, ज्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. एका छोट्या आयुष्यातल्या चुकांसाठी अंत नसलेली शिक्षा देणारा ईश्वर दयाळू कसा म्हणावा, हा त्या वादातला एक धारदार आक्षेप होता. पुढे घडले ते विलक्षण. आक्षेप घेणारे निळकंठशास्त्रीच १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले, आणि वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, शाश्वत शिक्षेच्या सिद्धान्तावरच्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका त्यांनी स्वतः लिहिली. त्यांना शंकांनी आयुष्यभर सोडले नाही, असे त्यांना ओळखणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. काही जण त्यांच्याकडे पराभूत संशयात्मा म्हणून पाहतात. मला ते या विषयाचे सर्वांत प्रामाणिक विद्यार्थी वाटतात. एकाच माणसाने वादाच्या दोन्ही कडांवर उभे राहून तळ पाहिल्याचे असे उदाहरण जगाच्या धर्मेतिहासातही थोडे सापडेल. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यात गोऱ्यांच्या विचारांचा वाटा होता, आणि रमाबाईंनीही पुढे मंडळीची प्रत्येक मतप्रणाली डोळे झाकून घ्यायला ठाम नकार दिला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

साताऱ्याचे नावही या वादांच्या इतिहासात फार लवकर येते. मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठी शास्त्र्यांशी जाहीर वाद आरंभले तेव्हा साताऱ्याचे नारायणराव त्यांच्याविरुद्ध लेखणी घेऊन उतरले. त्यांना उत्तर म्हणून विल्सन यांनी १८३४ मध्ये काढलेल्या पुस्तकाच्या नावातच सातारा आहे. छत्रपतींच्या राजधानीतला एक शिक्षित माणूस मुंबईच्या मिशनऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालतो आणि त्याला उत्तर द्यायला पुस्तक लिहावे लागते, यात आपल्याकडच्या वादपरंपरेबद्दल अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे.

साताऱ्याचे ख्रिस्ती काम अमेरिकन मराठी मिशनचे. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, पुढे अहमदनगर म्हणजे आजचे अहिल्यानगर हे त्याचे मोठे केंद्र बनले, आणि महाबळेश्वर, सातारा, वाई इथे त्याच्या शाखा पसरल्या. त्याची मंडळी काँग्रिगेशनल परंपरेची होती. तीत प्रत्येक स्थानिक मंडळीला मोठे स्वातंत्र्य असते आणि एका ठरलेल्या कबुलीजबाबाचा काच कमी असतो. याच मिशनच्या एका माणसामुळे नरकाच्या प्रश्नावर हे मिशन चालवणारी, अमेरिकेतली सर्वांत जुनी परदेशी मिशन संस्था हादरली. ती हकिगत मराठी वाचकाला बहुधा ठाऊक नाही, म्हणून थोडी सावकाश सांगतो.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला. वडीलही मिशनरीच. शिक्षण अमेरिकेत झाले, आणि १८७४ मध्ये ते अहमदनगरला कामावर आले. १८७८ मध्ये तिथे धर्मशिक्षणाची शाळा सुरू झाली. पुढे तिची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडेच आली. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत गेले. त्या वेळी अँडोव्हरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतले प्राध्यापक एक नवे मत मांडत होते : ज्यांना या जन्मात ख्रिस्ताची ओळख कधी झालीच नाही, त्यांना मृत्यूनंतर, शेवटच्या न्यायाआधी, ती मिळण्याची संधी असू शकेल. हे सर्वांच्या तारणाचे मत नव्हे, हे नीट समजून घ्या. संधी मिळाली तरी माणूस ती नाकारू शकतो, आणि नाकारली तर शिक्षा आहेच. पण ज्यांच्या कानावर नावच गेले नाही त्यांना न ऐकताच दोषी ठरवले जाणार नाही, एवढी आशा त्यात होती. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम यांनी या आशेबद्दल जाहीर सहानुभूती व्यक्त केली.

बस्स, एवढेच. पण मिशनच्या मुख्य मंडळात ठिणगी पडली. मृत्यूनंतरही संधी असेल तर मिशनरी पाठवायचेच कशाला, वर्गणी कोण देणार, प्रचारकाचा आवेश टिकेल कसा, असे प्रश्न विचारले गेले. ह्यूम यांचे भारतात परतणे अडवून धरले गेले. १८८६ च्या ऑक्टोबरात डे मॉइन शहरातल्या वार्षिक सभेत यावर जोरदार वाद झाला. अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर तर रीतसर खटला चालला. अखेर १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची परवानगी मिळाली, आणि त्यांनी विरोधकांना दिलेले उत्तर शब्दांपेक्षा कामाचे होते : पुढची कित्येक दशके ते नगरला राबले, १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांनी केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या ज्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तिथे हेही बोलले. नरकाची भीती कमी झाली की सेवेची धार बोथट होते, हे म्हणणे निदान या माणसाच्या बाबतीत तरी खोटे ठरले.

अँडोव्हरच्या प्राध्यापकांपुढे हा प्रश्न ग्रंथांतून आला होता, ह्यूम यांच्यापुढे तो माणसांतून आला. त्यांचे विद्यार्थी, त्यांच्या मंडळीतली माणसे पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची ख्रिस्ती होती. त्यांच्या मागे सगळे गोत होते, वारी करणारे, व्रते पाळणारे, आयुष्यभर सचोटीने शेत कसणारे. सोळाव्या शतकात जपानमधल्या नवख्रिस्तींनी आपल्या मेलेल्या पूर्वजांसाठी अश्रू ढाळल्याचे फ्रान्सिस झेव्हियरने आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. पूर्वजांचे काय, हा प्रश्न आशियातल्या प्रत्येक नव्या मंडळीने विचारला आहे. मराठी मंडळीने तो विचारला तेव्हा त्याचे पडसाद थेट अमेरिकेपर्यंत गेले, एवढे आपल्या वाचकाने अभिमानाने म्हणायला हरकत नाही.

कृष्णेच्या खालच्या अंगाला चित्र वेगळे होते. सांगली, मिरज, कोल्हापूर हा प्रदेश अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले, सांगलीचे ठाणे १८८४ मध्ये पडले, १८८९ मध्ये तरुण डॉक्टर विल्यम वानलेस सांगलीत उतरले, आणि १८९४ मध्ये मिरजेचे हॉस्पिटल उघडले. प्रेस्बिटेरियन मंडळी वेस्टमिन्स्टर कबुलीजबाब मानते. सतराव्या शतकातल्या या दस्तऐवजात देवाने काहींना तारणासाठी आधीच निवडले आहे आणि दुष्टांच्या वाट्याला अनंत यातना आहेत, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे. बालपणीच मेलेल्या ‘निवडलेल्या’ मुलांचे तारण होते, असेही त्यात म्हटले आहे, आणि मग न निवडलेल्या बालकांचे काय, हा भयानक प्रश्न आईबापांपुढे सुमारे अडीचशे वर्षे लोंबकळत राहिला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १९०३ मध्ये एक खुलासा जोडून सांगितले की बालपणी मेलेली सगळीच मुले तरतात, आणि देवाच्या निवडीचा सिद्धान्त त्याच्या सर्व मानवांवरच्या प्रेमाशी सुसंगतच वाचला पाहिजे. प्लेग, पटकी आणि देवीच्या त्या काळात मुलांच्या वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सांच्या मंडळीला या खुलाशाचे मोल काय असेल, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. मिरजेच्या हॉस्पिटलचा इतिहास लिहिताना आपण शस्त्रक्रियांचे आकडे देतो. त्या इमारतीतल्या माणसांच्या मनावर कोणता सिद्धान्त ओझे होऊन बसला होता आणि कोणता हलका झाला, हेही त्या इतिहासात यायला हवे.

आणि मग साताऱ्याचे दुसरे, अधिक सुंदर पान : नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. त्यानंतरचा मोठा काळ अहमदनगरला, ह्यूम यांच्याच धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवण्यात आणि पुढे ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळण्यात गेला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील त्यांना टिळकांचे ख्रिस्ती होणे त्या संसारावर कसे कोसळले ते आठवेल. आपल्या विषयासाठी तो भाग पुन्हा वाचा, पण या वेळी वेगळ्या नजरेने. मिशनरींच्या हिशेबात धोक्यात होते ते बाप्तिस्मा न घेतलेले घरचे लोक. घरच्यांच्या हिशेबात बुडाले होते ते टिळक. दोन्हीकडच्या माणसांना दुसरी बाजू गेलेली वाटत होती, आणि दोन्हीकडे प्रेम आटत नव्हते. लक्ष्मीबाई पुढे स्वतःहून ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या लेखनात शिक्षेची भीती मुख्य प्रेरणा म्हणून कुठेच जाणवत नाही, हे माझे वाचन आहे. तुम्ही स्वतः ताडून पाहा.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेतून बाहेर पडून साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. त्या काळाचा संदर्भ ध्यानात घेतला तर ही केवढी धाडसी गोष्ट होती ते कळते. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारी ठळक रेषा म्हणजे बाप्तिस्मा, आणि टिळकांनी साताऱ्यात ती रेषा दरबाराच्या दाराशी येऊ दिली नाही. म्हणून ते सर्वांच्या तारणाचे मत मानत होते, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. त्यांनी सिद्धान्त मांडला नाही, माणसे एकत्र बसवली. त्यांना ख्रिस्ताकडे जाण्याची वाट तुकोबांच्या अंगणातून गेलेली दिसत होती, आणि ज्या वाटेने आपण आलो ती वाट शापित आहे असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ९ मे १९१९ रोजी ते गेले. दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत, पण या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले सर्वांत मौलिक उत्तर मला तरी त्या अल्पायुषी दरबारातच दिसते.

इथे हिंदू वाचकाच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे : आपल्याकडे नरक कायमचा नसतोच, भोग संपला की जीव परत येतो, मग हा पेच फक्त ख्रिस्ती धर्माचा नाही का? पुराणांतल्या नरकांबद्दल हे बहुतांशी खरे आहे. पण सरसकट खरे नाही. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतःच मुक्तीला पात्र, काही नित्य संसारात फिरणारे आणि काही कायमच्या अंधःकाराला योग्य, अशी विभागणी आहे. त्या परंपरेचे थोर टीकाकार जयतीर्थ यांचा संबंध आपल्या मंगळवेढ्याशी सांगितला जातो, आणि दक्षिण महाराष्ट्रात माध्व घराणी आजही नांदत आहेत. शेवटपर्यंत हरलेला जीव असू शकतो काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांनीही विचारला आहे. दुसरीकडे ज्ञानदेवांचे पसायदान ठेवा. दुष्ट नष्ट व्हावेत असे ते मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडावा असे मागतात. नीसाच्या ग्रेगरीने जवळजवळ हेच म्हटले होते की शेवटी जळायचे आहे ते पाप, पापी नव्हे. या दोघांना शेजारी बसवून वाचण्याचा आनंद मराठी वाचकाला जितका सहज घेता येतो तितका तो इतरांना क्वचितच घेता येईल.

विसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची संयुक्त मंडळी बनली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कृष्णेच्या दोन टप्प्यांवर वाढलेल्या दोन परंपरांना अशी एका छताखाली येण्याची वाट मोकळी झाली. या ऐक्याचा पाया प्राचीन विश्वासांगीकारांवर आहे, आणि त्यांत ख्रिस्त जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील एवढे म्हटले आहे, शिक्षेच्या मुदतीबद्दल तिथे एक अक्षर नाही. १९६४ मध्ये रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे सद्बुद्धीने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे स्पष्ट केले. सर्वांच्या तारणाची निदान आशा तरी धरावी काय, यावर हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी १९८० च्या दशकात लिहिले, आणि २०१९ मध्ये डेव्हिड बेंटली हार्ट यांनी ही केवळ आशा नाही, खात्री आहे असे आग्रहाने मांडले. त्यांना तितक्याच आग्रहाने विरोधही झाला. वाद जिवंत आहे.

मग नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? सिद्धान्तांच्या जाड ग्रंथांपासून नक्कीच नको. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढा. त्यानंतर मत्तयाचा पंचविसावा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय एकापाठोपाठ वाचा. पंचविसाव्या अध्यायात न्यायाची कसोटी म्हणून काय विचारले आहे तिकडे लक्ष द्या : भुकेल्याला अन्न दिले काय, आजाऱ्याला भेटलात काय. मग गोऱ्यांचे चरित्र, आणि मग ओरिजेन व ऑगस्टीन. वाचताना एक पथ्य सांभाळावे. शाश्वत शिक्षा मानणारा क्रूर असतो आणि सर्वांचे तारण मानणारा भाबडा असतो, ही दोन्ही अनुमाने सोडून द्यावीत. ज्यांनी अन्याय भोगला आहे त्यांच्यासाठी अखेरचा न्याय हा आधार असतो. गावाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्यातून आलेल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांना, अत्याचार करणारा आणि सोसणारा शेवटी एकाच पंगतीला बसतील हे ऐकणे सोपे जात नाही. त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय या विषयाची एक बाजू वाचलीच नाही असे समजावे.

‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचा. ह्यूम प्रकरणाच्या वर्षांतले त्याचे अंक, मिशनची वार्षिक वृत्ते, सातारा-वाईच्या आणि सांगली-मिरजेच्या मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या, ‘उपासना संगीत’मधली मृत्यू आणि पुनरुत्थानावरची गीते, यांचा या एका प्रश्नाच्या अंगाने अभ्यास करण्यासाठी तरुण मराठी अभ्यासकांना भरपूर वाव आहे. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही. थोडे जुने मराठी वाचता यावे आणि माणसांशी बोलता यावे, इतके पुरे. एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या मंडळीत जा, पाळकांना भेटा, वयस्कर सभासदांजवळ बसा. त्यांच्या आजी-आजोबांनी मागे राहिलेल्या आपल्या गोताबद्दल काय म्हटले होते ते विचारा, आणि जे ऐकाल ते त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा.